दोन फ्रीची सायकल

माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने बारीक राहिला. चालता येतं, पण सायकलच्या पायडलावर तो पाय टिकत नाही, घसरतो. लग्नानंतर वर्षभरात यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यावर उपाय काढला. पाय ट्यूबच्या पट्टीने पायडलाला बांधून टाकायचा. मी हो म्हटलं, आणि पुढचे कितीतरी महिने रोज सकाळी जीव मुठीत धरून घराबाहेर पडले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही शहाडला राहायचो आणि मी कल्याणच्या एका शाळेत शिकवायचे. बसची उंच पायरी मला चढवत नसे. हे कारखान्यात फिटर, आणि हौसेला मोल नाही म्हणतात ते यांच्याकडे बघूनच म्हणत असावेत. दोन जुन्या सायकली कापून यांनी एक लांबलचक सायकल जोडली. पुढे हे, मागे मी, दोघांना आपापली पायडलं, आणि मध्ये भंगारातून आणलेलं मोपेडचं इंजिन. सपाटीला दोघांनी मारायचं, चढाला इंजिनाने हातभार लावायचा. सगळी आळी बघायला जमली होती. मीही कौतुकाने पेढे वाटले.

घोडं अडलं ते चेनपाशी. यांची पायडलं, माझी पायडलं आणि इंजिन, तिघं एकाच चेनला जुंपलेले. त्यामुळे चाक किंवा तिघांतलं एक फिरलं की सगळीच फिरणार. चढाला इंजिन लागलं की माझे पाय आपोआप गरगर फिरायचे, माझ्या डाव्या गुडघ्याला झेपो न झेपो. थांबायची सोयच नव्हती. हे पुढून ओरडून विचारायचे, "काय, मस्त ना?" मी "हो" म्हणायचे. बांधलेला पाय एक दिवस इथेच राहणार आणि मी एकटीच घरी जाणार, असं काहीतरी वेडंवाकडं मनात यायचं. पण यांचा उत्साह बघून तोंडाला कुलूप.

इंजिनाचा खटका माझ्या हँडलला होता, कारण यांच्या हँडलवर ब्रेकांचीच गर्दी. खटका दाबून धरला की इंजिन चेनपासून सुटायचं, सोडला की पुन्हा लागायचं. चढ संपला की मी तो दाबून धरायचा. आणि उतारावर हे म्हणायचे, "पाय सोड", म्हणजे जोर लावू नकोस, नुसते पाय फिरू दे. रोजचा परिपाठ होता.

त्या दिवशी नदीच्या बाजूच्या उतारावर रेतीचा एक ट्रक उलटा मागे येत आमच्या रस्त्यात आला. हे घाईघाईने फक्त "सोड" म्हणाले. पायाचं नाव घेतलं नाही. माझ्या हातात दाबून धरलेला खटका होता. मी हात सोडला.

इंजिन लागलं आणि सायकल उतारावर सुसाट सुटली. यांनी दोन्ही ब्रेक आवळले, पायडलं थांबेनात. ट्रकचं मागचं फळकूट मला अजून दिसतं. त्यावर खडूने कुणीतरी काढलेलं फूलही दिसतं. यांनी हँडल फिरवलं आणि आम्ही बाजूच्या रेतीच्या ढिगात घुसलो. पडलो तरी इंजिन चालूच. चाक हवेत, पायडल फिरतंय, आणि त्याला बांधलेला माझा पाय त्याच्याबरोबर पिळवटतोय. मी किंचाळले की नाही आठवत नाही. हे पट्टीची गाठ ओढत होते, पण ताणामुळे ती सुटत नव्हती. शेवटी नदीवर जाळी लावणारा एक म्हातारा सुरी घेऊन धावत आला. त्याने पट्टी कापली आणि यांच्याकडे बघून म्हणाला, "अरं, बायकोला खुंटाला बांधून ठेवलीस?"

पायाचं हाड वाचलं. घोटा सुजून भोपळा झाला होता. घरी आल्यावर पहिल्यांदाच मी मनातलं सगळं बोलले. "मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. तुम्ही मारा, इंजिनाला मारू द्या, पण मी पाय थांबवले तर ते थांबले पाहिजेत. नाहीतर मी बसणार नाही."

हे म्हणाले, "होईल तसं. पण मग तू मारतेयस का नाही, ते मला कसं कळणार?"

मी भडकलेच. "म्हणजे मी कामचुकार वाटले का तुम्हाला?"

सायकलच्या मागच्या चाकात कटकट वाजणारी फ्री असते. तिच्यामुळे आपण पाय थांबवले तरी चाक पुढे जात राहतं. आमच्या जोडकामात ती नव्हतीच. यांनी तसल्या दोन फ्री आणल्या, एक यांच्या पायडलांना, एक माझ्या. खटका स्वतःकडे घेतला. पट्टी फेकून दिली आणि पायडलावर जुन्या चपलेचा पुढचा भाग ठोकला, पाय केव्हाही बाहेर काढता येईल असा.

पाय बरा झाल्यावर आम्ही पुन्हा त्याच उतारावर गेलो. माझी पाचावर धारण बसलेली. पण मी पाय थांबवले, आणि ते थांबले. खाली रस्ता पळत होता, फ्री कटकटत होती, आणि माझे दोन्ही पाय जागच्या जागी. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"आहेस ना?" यांनी विचारलं.

"आहे."

थोडं पुढे जाऊन पुन्हा, "आहेस ना गं?"

"अहो, उतारावरून मी कुठे जाणार? पुढे बघा."

मग तिसऱ्यांदा तेच. बघते तर यांचा शर्ट पाठीला घामाने चिकटलेला. "आधी तुझा पाय लागायचा मला," हे मान न वळवता म्हणाले. "प्रत्येक फेऱ्याला डावीकडे जरासा अडायचा. त्यावरून कळायचं, तू आहेस. आता मागे काहीच लागत नाही. पडलीस तरी कळायचं नाही मला."

मी डावा पाय चपलेत नीट बसवला आणि जेवढा होता तेवढा जोर लावून दाबला. फ्री लागली, चेन ओढली गेली, यांचं पायडल हलकं झालं.

मग घरापर्यंत यांनी विचारलं नाही. मी मात्र मधूनमधून दाबत राहिले.