बासष्ट सदाफुल्या

पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि दुबईत अल क्वोजच्या एका लेबर कॅम्पवर सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून रुजू झालो. सवयी त्याच राहिल्या. ०४३० ला उठायचं, ०५३० ला माणसं मोजून बसेस सोडायच्या, मग कॅम्पला एक राउंड. राउंड मागच्या भिंतीशी संपायचा. तिथे आमचे कुक इब्राहिमभाई यांनी एसीतून गळणाऱ्या पाण्यावर सदाफुलीची बासष्ट झुडपं वाढवली होती. गुलाबी आणि पांढरी. हे झाड मूळचं मादागास्कर बेटावरचं, ते सांगायचे, कोरड्या उन्हाला भीत नाही.

इब्राहिमभाई रत्नागिरीचे. इथे बावीस वर्षं काढली, पण बायकोला आणणं कधी जमलं नाही. त्या रविवारी हलिमाभाभी पहिल्यांदाच व्हिजिटवर येत होत्या. बाग त्यांनी फक्त फोनवर पाहिली होती. ०७०० ला इब्राहिमभाई एअरपोर्टला गेले.

०७४० ला साइट इंजिनियरचा फोन आला. पाइप फुटलाय, भिंतीलगत चर खणायचाय, जेसीबी निघालाय.

सुट्टीवरच्या पोरांच्या दोन खोल्या मी उठवल्या. फावडी आणि रंगाचे रिकामे डबे घेतले. झुडूप मातीसकट उचलायचं, मूळ हलता कामा नये, एवढीच ऑर्डर दिली.

०८०५ ला वॉकीटॉकी वाजला. गेटवर दिलबहादुर होता, नेपाळचा, तोही माजी सैनिक.

"कंट्रोल, जेसीबी आ गया."

"कागज चेक करो."

"कर लिया."

"ठीक से करो. बीस मिनट."

"समझ गया, उस्ताद."

त्याने जेसीबीतल्या फर्स्ट एडच्या डब्यातल्या पट्ट्यासुद्धा मोजल्या. ०८२८ ला जेसीबी भिंतीशी आला तेव्हा सात झुडपं बाकी होती. पठाण ऑपरेटरने इंजिन बंद केलं, "यल्ला", चला, म्हणत खाली उतरला आणि स्वतः फावडं हातात घेतलं.

११०० ला हलिमाभाभी आल्या. मेससमोर बासष्ट डबे परेडसारखे ओळीत उभे. त्यांनी डबे पाहिले, मग चिखलाने माखलेल्या आम्हाला पाहिलं.

"अहो, ही तर आपल्या कुंपणाशी आपोआप उगवते," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

सगळा कॅम्प हसला, इब्राहिमभाई सगळ्यांत जास्त. नंतर भाभींनी पाण्याचा मग मागून घेतला आणि प्रत्येक झुडपाला स्वतः पाणी घातलं.

चहा घेताना मला शिपाई दत्ता मोरे आठवला. माझ्या सेक्शनचा, पंचविशीतला. गस्तीवर माझ्या पुढे दहा पावलं चालत होता, तिथेच पडला, परत उठला नाही. गेटवर तो असता तर ऑपरेटरशी गावच्या गप्पा मारत त्याने दुपार केली असती. हे मी दिलबहादुरला सांगितलं. तो हसला आणि त्याच्या पलटणीतल्या, असेच गेलेल्या दोघांची नावं त्याने मला सांगितली. ते दोघे कसे होते, तेही सांगितलं. तोवर चहा गार झाला होता. आम्ही दुसरा मागवला.