महादूसाठी मोडलेला शनिवार

वालावलच्या दवाखान्यातला कंपाउंडर एलोजी पेणकर यहुदी होता. बारा वर्षांत त्याचा शनिवार गावाला पाठ झाला होता. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत तो चूल पेटवत नसे, दवाखान्याची पायरी चढत नसे. सोवळ्याओवळ्यात मुरलेल्या गावाला यात काही नवल वाटत नव्हतं. एकटा महादू तेवढा कुंपणावरून विचारायचा, "काय एलोजी, आज चुलीक उपास?" या महादूने सगळ्या गावाला नको नको करून सोडलं होतं. एलोजीविरुद्धही त्याने दोन अर्ज केले होते. त्यातला एक औषध कडू असल्याबद्दल.

अठ्ठावन्न सालच्या एका शनिवारी, भर दुपारी महादूला फुरसं चावलं. डॉक्टर कुडाळला गेलेले, सापाच्या लशीची किल्ली एलोजीकडे. शेजारच्या दाजीने आणि धोंडूने महादूला उचलून एलोजीच्या पडवीत आणलं, आणि दार न वाजवता सगळे शहाण्यासारखे बसून राहिले. मागे महादूची बायको सत्यवती, पदर तोंडात धरून.

कुजबुज ऐकून एलोजी बाहेर आला.

"महादूक फुरसा चावला," दाजी अदबीने म्हणाला. "पण तुमची घाई नाय. सूर्य बुडांदेत."

महादूचा पाय टम्म सुजला होता. तरी तो म्हणाला, "माझ्यापायी कोणाचा व्रत मोडूक नको."

एलोजी संतापला की मालवणी विसरायचा. "अरे गाढवा, सूर्याआधी तूच मावळशील!"

तो तसाच अनवाणी दवाखान्यात धावला. सुई उकळायला त्याने जन्मात पहिल्यांदा शनिवारी काडी ओढली. मग लस घेऊन तो पडवीत परतला आणि महादूला खाटेवर निजवून टोचली. हा माणूस हातचा जातो की काय, एवढीच भीती त्याला होती.

दिवेलागणीला महादूने डोळे उघडले आणि पाणी कोमट असल्याची तक्रार केली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"तुमचो शनवार बुडालो पण," धोंडू हळहळला.

"बुडालो कसलो?" एलोजी म्हणाला. " जीव वाचवूक शनवार मोडूचोच आसता. आमच्यात सांगतत, एक जीव वाचवलो की अख्खा जग वाचवल्यासारख्या."

दाजीने खाटेकडे पाहिलं. "ह्या? अख्खा जग?"

पडवी खो खो हसली. एलोजीही हसला. सगळ्यांत जास्त सत्यवती हसली, हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, आणि महादूच्या पायावरून हात फिरवत ती म्हणाली, "हसा मेल्यांनू. माझा तेवढाच आसा."