सिद्धूच्या प्रोफाइलवरचा सामुराई

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी कपडे वाळत घालून हॉलमध्ये आले, तर बाबा टीव्हीवर कार्टून बघत होते. विश्रांतवाडीतल्या आमच्या घरात हे दृश्य म्हणजे... असो. मी आधी दारात उभं राहून खात्री करून घेतली.

लहान मुलांचं कार्टून नाही हं. गुरूच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला सामुराई, बर्फ, रक्त आणि अधूनमधून असे सीन, की बाबा तेवढ्यापुरते पाणी प्यायला उठत होते. त्या दुपारी बरंच पाणी प्यायले.

यात विशेष काय, ते सांगते. माझा धाकटा भाऊ सिद्धू स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोडून अ‍ॅनिमेशनच्या नोकरीसाठी बंगळुरूला गेला. सरकारी नोकरीतून मानाने रिटायर झालेल्या बाबांनी त्याला एवढंच विचारलं होतं, "कार्टून काढून पोट भरतं का?" तेव्हापासून दोघांत बोलणं नाही... आई फोन करते, तोही आतल्या खोलीत जाऊन.

आमच्या घरात ओटीटीचं अकाउंट एकच. बाबांनी रिमोटशी झटापट करत समोर दिसलेलं पहिलं प्रोफाइल दाबलं, ते नेमकं सिद्धूचं निघालं. त्याने अर्धवट सोडलेला एपिसोड सुरू झाला आणि बाबा बघत बसले.

संध्याकाळी सिद्धूचा मला मेसेज, माझे एपिसोड कोण पुढे ढकलतंय म्हणून. मी लिहिलं, बाबा. बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं... मग काहीच आलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी बाबांची तक्रार, की काल जिथे थांबवलं होतं त्याच्या पुढचं लागतंय. म्हणजे तिकडे सिद्धूने बघितलं होतं. मग हे रोजचंच झालं. बाबा दुपारी बघायचे, सिद्धू ऑफिसमधून आल्यावर, आणि एक अक्षरही न बोलता दोघं त्या सामुराईच्या मागून चालले होते.

बाबा मध्येच थांबवून मला विचारायचे. हा बर्फ पडतोय त्याचा एकेक कण काढावा लागतो का? मग हे काढणाऱ्या मुलांना वेळेवर जेवायला मिळतं का? मी म्हटलं, ज्याला माहितीये त्याला विचारा. बाबांनी पुढे चालू केलं.

मग मी एक शहाणपणा केला. बाबांना स्वतंत्र प्रोफाइल करून दिलं, त्यांच्या नावाचं. बाबांनी ते नीट बघितलं आणि रिमोट खाली ठेवला.

"नको गं. त्याच्यावरच राहू दे. तो कुठवर आलाय, ते कळतं तरी."

मी स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होती, तिनेही ऐकलं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत राहिलो.

आता शेवटचा एपिसोड उरलाय. बाबा लावत नाहीत, म्हणतात आधी त्याचं होऊ दे. आणि तिकडे सिद्धूही लावत नाहीये... सूड पुरा झाला की नाही, आमच्या घरात कुणालाच माहीत नाही.

सिद्धू, तू लाइक करत नाहीस, पण माझी प्रत्येक पोस्ट वाचतोस, मला माहितीये. बाबा फोन करणार नाहीत, त्यांना जमत नाही रे ते. पण रोज दुपारी टीव्ही लावून ते फक्त तुझं नाव बघतात आणि बंद करतात...

ये ना घरी.