म्हशीबिगर थंड

अंबडच्या स्टँडसमोर आमचं आइस्क्रीमचं दुकान आहे. गल्ला मी सांभाळतो, माल सलीमभाई बनवतात. गिऱ्हाईक कप चाटूनपुसून निघून जातं, किस्सा मात्र इथेच टाकून जातं. आता इतके साठलेत की फ्रीजरमध्ये जागा नाही!

गेल्या उन्हाळ्यात सलीमभाईंनी मोसंबीचे तीन प्रकार काढले. फरक विचारला की सांगायचे, "आइस्क्रीम म्हंजे दुधात फळ. शर्बेट म्हंजे फळात थोडं दूध. अन् सॉर्बे म्हंजे फळात फळ, दूध बिलकुल न्हाई!"

हे शेवटचं कोंडीबामामांना झोंबलं. मामा आम्हाला रोज म्हशीचं दूध घालतात. चमचाभर सॉर्बे जिभेवर ठेवून म्हणाले, "म्हशीबिगर थंड म्हंजे निस्ती गारपीट!"

*

पहिल्या शर्बेटच्या वेळी सलीमभाईंनी घाईत गरम दुधातच मोसंबीचा रस ओतला. झालं, सगळं फाटलं! मामा डोक्याला हात लावून बसले.

"माझं दूध आजवर कधी नासलं न्हाई. हे तुमी नासवलं!"

त्या दिवशी माझ्या आणि सलीमभाईंच्याही घरी पनीरची भाजी होती.

*

कोर्टातले एक वकीलसाहेब दुपारी यायचे. तिन्हींचा एकेक चमचा चाखून डोळे मिटायचे. "कोणतं देऊ, साहेब?" विचारलं की म्हणायचे, "सगळ्यांचं ऐकलं. निकाल राखून ठेवतो!"

आठवडाभर नुसत्या तारखा पडल्या. शेवटी सलीमभाईंनी हात जोडले, "साहेब, आता चमच्याला कोर्ट फी लागंल!"

*

रविवार खंडोबाचा वार, म्हणून मामांच्या घरून त्या दिवशी दूध विकायला जात नाही. त्यामुळे रविवारी आमच्याकडे फक्त सॉर्बे. मामा त्या दिवशी दुकानासमोरून मान फिरवून जायचे. एकदा मी डिवचलं, "मामा, पूजाला दूध न पिणारा नवरा मिळाला तर?"

पूजा त्यांची एकुलती एक लेक. मामा उखडलेच, "ज्याला दूध चालत न्हाई, त्याच्या घरात माझी पोरगी देणार न्हाई. बिलकुल न्हाई!"

*

मे महिन्यात पूजाला बघायला कुंभार पिंपळगावचे पाहुणे आले, तेही रविवारी. मुलगा पूजाला आवडला होता, तिचा चेहराच सांगत होता. मामा खुशीत वार विसरून सगळ्यांना घेऊन थेट दुकानात आले. शनिवारचं आइस्क्रीम संपलं होतं. मी भीत भीत सॉर्बेचे कप पुढे केले.

मुलगा कप हातात धरून बसला, खाईना. त्याची आई हळूच म्हणाली, "दूध असंल तर ऱ्हाऊ द्या. त्याला लहानपणापासून सोसत न्हाई."

पूजाने मान खाली घातली.

सलीमभाई पटकन म्हणाले, "याच्यात दूध न्हाई, ताई."

मुलाने कप संपवला आणि लाजत विचारलं, "अजून मिळंल का?"

मामांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्या रिकाम्या कपाकडे. मग घसा खाकरला.

"सलीमभाई, जावईबापूंना अजून एक गारपीट द्या!"