कंपाउंडरची अर्धी भाकर

फुलसावंगीच्या दवाखान्यातला कंपाउंडर अंगदुखीची गोळी देण्याआधी प्रत्येकीला विचारायचा, "जेवल्या काय, बाई?" हो म्हटल्याशिवाय पुडी हातात पडायची नाही. रिकाम्या पोटी औषध लवकर लागू पडतं, हे माझं तेव्हाचं अगाध ज्ञान. कापूस वेचून कंबर धरलेली. मी खुशाल "जेवली" म्हणायची. आठवडाभरात पोटात अशी आग पेटली की त्यापुढे कंबर बरी वाटायला लागली.

पुन्हा गेले, तेही उपाशीच. माझं तोंड पाहून तो म्हणाला, "खोटं कायले बोलून राह्यल्या? उपाशी पोटाले कोरते ही गोळी. आता बंद! हे पांढरं औषध घ्या, पण आधी खा."

त्यानं डब्यातली अर्धी भाकर टेबलावर ठेवली. तो बौद्ध झालेला, अन् त्याच्या हातचं पाणीही आमच्या घरी चालत नसे. हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच तो माझ्याकडे पाठ करून बाटल्या धुवायला लागला.

मी भाकर उचलली. दोन घास झाले असतील.

"चटणीबी हाय," तो पाठमोराच म्हणाला.

"मग द्या की," मी म्हटलं.

घरी सांगितलं, पांढऱ्या औषधानं गुण आला.