कोपऱ्यातला टॉन्सिल

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिला सगळे लवंगी म्हणत. तोंडावर मात्र ‘बाई’. चण एवढीशी, पण एकदा तापली की भल्याभल्यांची बोबडी वळायची. सव्वीस वर्षं ती काचेवर मांसाचे पातळ काप चढवून त्यांना रंग देत होती.

रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा एक रेणू असतो. त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी लवंगी कापावर थेंबाथेंबाने घालायची. ती चिकटेल तिथे तपकिरी रंग उठायचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ताडून बघायला ती आणखी एक काप लावायची. तो तिच्या स्वतःच्या टॉन्सिलचा. इथेच ऑपरेशन झालं, तेव्हा तिनेच तो मेणात बसवून ठेवला होता. टॉन्सिलमध्ये रक्तवाहिन्या असतातच. तिथे रंग नाही उठला, तर खोट अँटिबॉडीत.

त्या दिवशी एका बस ड्रायव्हरच्या डोक्यावरची गाठ आली होती. रक्तवाहिनीचा कॅन्सर आहे का, एवढाच प्रश्न. काच कोरी निघाली.

“निगेटिव्ह,” लॅबचे नवे साहेब म्हणाले. “लिहा रिपोर्ट.”

“साहेब, कोपरा बघा. माझा टॉन्सिलही कोरा आहे.”

“कोपऱ्यात काय बघायचंय?”

लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंटावरच्या शहाण्यांची तिला आधीच चीड.

“म्हणजे माझ्या अंगात रक्तवाहिन्याच नाहीत? मग डोकं कशाने तापलंय? अँटिबॉडी मेलीय! जास्त टिकेल म्हणून तुम्हीच ती फ्रीजरमध्ये टाकायला लावलीत. मी नको नको म्हणत होते!”

“आवाज खाली.”

“आधी तो रिपोर्ट खाली ठेवा!”

नवी बाटली यायला दोन दिवस गेले. या वेळी टॉन्सिल तपकिरी झाला. गाठही तपकिरी झाली, म्हणजे कॅन्सरच. साहेबांनी सही केली आणि रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर सांगून ठेवलं, “बाईंमुळे उशीर झाला.”

ड्रायव्हरची बायको रिपोर्ट वाचून लवंगीसमोर आली. “कॅन्सर आहे माझ्या माणसाला! आणि तुम्ही दोन दिवस वाया घालवलेत? लाज नाही वाटत?”

साहेब दारात उभे राहून भिंतीवरचं घड्याळ बघत होते. खरं उत्तर लवंगीच्या अगदी जिभेवर आलं. रागाने कानशिलं तडतडत होती, पण तिने ते गिळलं. साहेबांचा समाचार काय, दुपारीही घेता आला असता.

“बोला ताई, खुशाल बोला,” हातमोजे काढत ती म्हणाली. “पण चालत चालत बोला. कॅन्सरचे डॉक्टर बारापर्यंतच असतात.”