व्हिक्टोरियागडावर पाणी नव्हतं

गेल्या दिवाळीत मी एक किल्ला विकायला काढला होता. किल्ला माझा नव्हता, एवढीच त्यातली बरी गोष्ट.

तो आहे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, भर समुद्रात. गोल, दगडी, अंगावर लोखंडी चिलखत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात फ्रेंचांच्या धास्तीने बांधलेला. फ्रेंच आलेच नाहीत. (शेवटी आम्ही आलो!) सिंगापूरच्या ज्या प्रॉपर्टी कंपनीत मी नोकरी करतो, तिच्याकडे तो 'कमर्शियल प्रॉपर्टी' म्हणून आला आणि मॅडम लिम नावाच्या हॉटेलवाल्या बाईंच्या गळ्यात घालण्यासाठी माझ्याकडे सोपवण्यात आला. साहेब म्हणाले, हा व्यवहार झाला तर माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे इथे राहून काम करायच्या परवान्याचं, पुढचं सगळं सोपं जाईल. नाही झाला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सेरंगूनचा आमचा फ्लॅट आणि लेकीची शाळा, दोन्ही त्या पासाला टांगलेली होती. मी रात्री कुशी बदलायला लागलो.

आणि नेमके त्याच आठवड्यात पुण्याहून माझे सासरे आले.

अण्णा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. गेली तीस वर्षं ते दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर जाऊन झुडपं तोडतात आणि गाळाने भरलेली टाकी उपसतात. गडाच्या दरवाजात चपला काढतात, उंबरठ्याला हात लावून कपाळाला लावतात. एका गडाखाली कुणीतरी हॉटेल काढणार अशी नुसती कुणकुण लागली, तर सहा दिवस उपोषणाला बसले होते.

पहिल्याच चहाला त्यांनी विचारलं, "श्रीकांतराव, सध्या काम कसलं चाललंय?"

"एका किल्ल्याचं," मी म्हणालो.

"संवर्धन?"

इथे नाही म्हणायला फक्त दोन अक्षरं लागतात. मी पाच-सहा जास्त खर्च केली. "तसंच काहीतरी."

अण्णांचे डोळे पाणावले. बायकोने, मेधाने, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती बशा घेऊन आत निघून गेली.

गुरुवारी ऑफिसच्या स्टोअरला रंग लावायचा होता, म्हणून किल्ल्याचं मॉडेल मी घरी आणलं. चौरंगाएवढं, पांढरंशुभ्र. हॉटेल झाल्यावर कुठे काय असेल, त्याच्या बारीक पट्ट्या लावलेल्या. अण्णांनी चष्मा चढवला आणि पहिलीच पट्टी वाचली.

"बार! वा. म्हणजे तोफांचे बार इथून उडायचे."

मी मान डोलावली. त्या जागी पूर्वी दारूकोठार होतं आणि पुढेही दारूचंच कोठार होणार होतं. शब्दाशब्दाने पाहिलं तर मी खोटं बोललोच नव्हतो. (हे मी स्वतःला बँकॉकपर्यंत समजावत गेलो.)

कारण मला बँकॉकला जायचं होतं. तीन दिवसांचं ट्रेनिंग, खाली टॅक्सी उभी. मी बुटाची नाडी बांधत असताना अण्णा म्हणाले, "सईसाठी आणलात ना? दिवाळीचा किल्ला?"

"हो हो, दिवाळीचाच. फक्त सोमवारी सकाळी तो ऑफिसात हवा. सगळ्यांना दाखवायचाय."

माझी दहा वर्षांची सई सोफ्यावरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू शुअर आह?"

मी शुअर होतो. मी पळालो.

सोमवारी विमानतळावरून थेट ऑफिस गाठलं. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, खोका मांडीवर घेऊन टॅक्सीने आले होते. मी खोका उचलला. तो दुप्पट जड झाला होता. तळ ओला होता. आणि त्याला मातीचा वास येत होता.

"अण्णा, ह्यात काय आहे?"

"अर्धवट होता," अण्णा म्हणाले. "पूर्ण केला."

विचारायला वेळ नव्हता. मॅडम लिम येऊन बसल्या होत्या. साहेबांनी स्वतःच्या हाताने झाकण काढलं.

आमच्या इमारतीच्या बागेतली लाल माती तटापर्यंत थापलेली होती. तीन दिवसांत सिंगापूरच्या दमट हवेने हळीव बोटभर उगवून आणलं होतं. 'स्पा'मध्ये गाय. 'बार'मध्ये तोफ. तटावर तलवारी उपसलेले मावळे. हेलिपॅडवर सिंहासन, सिंहासनावर महाराज. माथ्यावर भगवा, आणि दारावर सईच्या अक्षरातली पाटी: किल्ले व्हिक्टोरियागड.

साहेबांच्या गालावरची एक शीर उडत होती. मॅडम लिमनी मावळ्यांकडे बोट दाखवून ही माणसं कोण म्हणून विचारलं.

"सिक्युरिटी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, वाचलो. तेवढ्यात दाराशी, चपला बाहेर काढून उभ्या असलेल्या अण्णांकडे त्यांचं लक्ष गेलं. हे तुम्ही केलं का, अंकल, असं त्यांनी कौतुकाने विचारलं. अण्णांनी वर्गातल्या इंग्रजीत सांगितलं की केलं खरं, पण एक गोष्ट काही सापडली नाही. मग इंग्रजी संपलं आणि ते माझ्याकडे वळले.

"श्रीकांतराव, टाकं कुठे आहे? गडावर पाणी कुठे आहे?"

"व्हॉट इज ही आस्किंग?" मॅडम लिम म्हणाल्या.

पाण्याची गोष्ट फाइलीच्या चाळिसाव्या पानावर, बारीक अक्षरात होती: आतली विहीर खारट झालीय, प्यायचं पाणी बोटीने आणावं लागतं. कुणी विचारल्याशिवाय काढायची नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. आता साहेब माझ्याकडे बघत होते. टॉयलेट कुठे ते विचारतायत, असं सांगायला मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात दाराबाहेरच्या त्या चपला दिसल्या. नीट, जोडीने ठेवलेल्या. गडाच्या दरवाजाबाहेर ठेवतात तशा.

"ते विचारतायत, पाणी कुठे आहे," मी इंग्रजीत म्हणालो. "पाणी नाहीये."

मॅडम लिमनी फाइल मिटली. अण्णांना नमस्कार केला, मला नाही.

लिफ्टमध्ये अण्णांच्या हातात आमचं माहितीपत्रक होतं. त्यावर हॉटेलचं चित्र, आणि खाली मोठ्या अक्षरात 'विक्रीस'. एकोणीस मजले ते तेच वाचत राहिले. तिसऱ्या मजल्यावर म्हणाले, "विकायला काढला होतात."

"हो, अण्णा. खोटं बोललो."

"पण पाण्याचं खरं तुम्हीच सांगितलंत."

"हो."

तळमजला आला. "मग अर्धेच फितूर," अण्णा म्हणाले आणि चालू लागले.

पास वाढला, पण एकाच वर्षासाठी. मला साहेबांनी तुआसला, कारखान्यांच्या भागात धाडलं. आता मी गोदामं विकतो. गोदामांना इतिहास नसतो, आणि नळाला पाणी असतं. ते मी आता न विचारताच सांगतो.

यंदा सईने बाल्कनीत स्वतः किल्ला केला. अण्णा पुण्याहून व्हिडिओवर हुकूम सोडत होते. मी वाकून पाहिलं, तर दरवाजात मधोमध एक गवळण उभी. एक पाय आत, एक बाहेर.

"ही इथे कशाला?"

"दॅट्स यू, बाबा. आजोबा म्हणाले, हाफ फितूर. मावळे फिनिश झाले, सो गवळण लाह."

मी जरा रागावूनच त्या गवळणीला निरखलं. तिच्या डोक्यावर घडा होता. म्हणजे गडावर पाणी शेवटी मीच आणलं, फक्त लुगडं नेसून!